पोटातल्या हवेला सवय लागत नसते

सकाळी उठावं तर पोट तट्ट फुगलेलं, कमरेला नाडीचा वळ उठलेला, ढेकरांमागून ढेकर, आणि चहाचा घोटही खाली उतरायला राजी नाही. स्लीप ॲप्नियासाठी रात्री सीपॅप मशीन लावून झोपणाऱ्या पुष्कळांना ही सकाळ ठाऊक आहे. डॉक्टरांपाशी हे बोललं की ठरलेलं उत्तर येतं: "थोडे दिवस काढा, सवय होईल." हे उत्तर चुकीचं आहे. ओपीडीच्या गर्दीत घाईने दिलं जातं म्हणून त्याला सूट देता आली असती, पण ते खुर्चीत मागे रेलून, निवांतपणेही दिलं जातं. त्याच्या जोडीला घरच्यांची, मशीन विकणाऱ्यांची आणि मशीनच्या शत्रूंची आणखी काही उत्तरं असतात, तीही तितकीच ठाम. या सगळ्यांचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा.

समोरच्यांचं जे खरं आहे ते आधीच मान्य करून टाकते. सीपॅपच्या अनेक त्रासांची खरोखरच सवय होते. नाकावर मास्क बांधून झोपायचं या कल्पनेनेच पहिल्या रात्री जीव घुसमटतो; काही आठवड्यांत तोच मास्क चष्म्यासारखा होऊन जातो, लावल्याचं लक्षातही राहत नाही. मोटरची घरघर, कूस बदलताना नळीची ओढाताण, गालावरचे पट्ट्यांचे वळ, घरातल्यांची थट्टा, सगळं अंगवळणी पडतं. या अनुभवावरून डॉक्टरमंडळींनी सरसकट नियम बांधला की तक्रार कोणतीही असो, औषध एकच, सवय. पण मास्कची अडचण ही जाणिवेची असते आणि जाणीव बोथट होते. पोटात गेलेली हवा ही वस्तू आहे. तिला जागा लागते.

ती तिथे जाते कशी? ॲप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, श्वास अडतो, मेंदू क्षणभर जागा होऊन ती उघडतो, आणि हे तासाला पाच, पंधरा, तीस किंवा त्याहूनही जास्त वेळा चालतं. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नाकावाटे सौम्य दाबाची हवा सतत सोडत राहिलं की घसा मिटतच नाही, हे त्यातून दिसलं. दाब होता पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीइतका. उपाय अस्सल होता आणि आजही मध्यम ते तीव्र ॲप्नियात पहिलं नाव त्याचंच निघतं. मात्र घशाच्या तळाशी दोन वाटा फुटतात, पुढे श्वासनलिका आणि मागे अन्ननलिका. मशीनला त्यांतली आपली कोणती हे कळत नाही. दाब दोन्ही दारांवर सारखाच पडतो.

अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंची एक झडप असते. जागेपणी ती घट्ट मिटलेली असते, झोपेत तिची पकड बरीच सैल होते. खाली जठराच्या दाराशी दुसरी झडप आहे. तिचा एरवीचा दाब साधारण १० ते ३० मिलिमीटर पारा मानतात. पाऱ्याचा आणि पाण्याचा हिशेब जुळवला तर १० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे साडेतेरा सेंटिमीटर पाणी. आता मशीनच्या पडद्यावर १४-१५ चा आकडा चढत असेल आणि तुमची झडप आधीच ढिली असेल, छातीत जळजळ होणाऱ्या कित्येकांची ती असते, तर हवेने खाली उतरण्यात नवल ते काय? २००८ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात हेच दिसलं होतं: सीपॅपवर ज्यांच्या पोटात हवा जाते त्यांच्यात ॲसिड वर येण्याचा त्रास बाकीच्या सीपॅपवाल्यांपेक्षा जास्त होता.

"काकू, एवढ्याशा प्रेशरने काय होतंय?" असं एका तंत्रज्ञ मुलाने मला ऐकवलं होतं. दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो, हे त्याचं गणित बरोबर आहे. पण घशाच्या मांसल भिंती रात्रभर एकमेकींपासून दूर धरायला तेवढाच दाब पुरतो, हेच तर तो मशीन विकताना सांगत होता! मग त्याच दाबाला ढिली झडप ओलांडता येणार नाही, हे कुठल्या आधारावर?

हवा आत जायची दुसरी वाट गिळण्याची. झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो, आणि गिळतो ते बहुतेक झोप क्षणभर चाळवते तेव्हा. गिळताना वरची झडप उघडतेच, उघडायलाच हवी. एरवी त्या क्षणी घशात साधी हवा असते. इथे दाबाखालची हवा दबा धरून असते. म्हणजे झोप जितक्या वेळा चाळवेल तितके घोट. नाक चोंदलं, तोंड उघडं पडून हवा गळू लागली, घसा कोरडा पडला, की घोट आणखी वाढतात. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण प्रेशरच्या वादात तीच निर्णायक ठरणार आहे.

आता सवयीचा मुद्दा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. ऑक्सिजन थोडाफार शोषला जाईल, पण नायट्रोजन आतड्यातून रक्तात जायला फारसा तयार नसतो, कारण रक्तात तो आधीच पुरेसा असतो. त्याला बाहेर पडायला दोनच दारं उरतात, वरचं किंवा खालचं. पहिल्या आठवड्यात हे जितकं खरं तितकंच तिसऱ्या वर्षीही खरं. नायट्रोजन अनुभवाने शहाणा होत नाही आणि झडप मनोनिग्रहाने घट्ट होत नाही. कुणाचं फुगणं दोनेक महिन्यांत आपोआप कमी झालं असेल तर तिथे काहीतरी बदललेलं असतं: नाक मोकळं झालं, वजन उतरलं, मास्क नीट बसू लागला, झोप लागायला लागून चाळवणं थांबलं. ते काय बदललं हे न शोधता त्याला सवय म्हणणं म्हणजे तपासणी टाळणं. बाकी ज्यांचं कमी होत नाही, त्यांना सवय होते ती एवढीच की पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे सांगायचं नाही.

गंमत अशी की नवजात बाळांच्या बाबतीत कुणीही सवयीची भाषा करत नाही. कमी दिवसांच्या बाळांना श्वासासाठी नाकावाटे सीपॅप लावतात तेव्हा त्यांचीही पोटं हवेने फुगतात. १९९२ साली क्ष-किरणतज्ज्ञांच्या एका अमेरिकी नियतकालिकात याचं वर्णन आलं आणि 'सीपॅप बेली' हे नाव रूढ झालं. एनआयसीयूतली सिस्टर बाळाच्या तोंडातून जठरात बारीक नळी घालून ठेवते, हवेला वाट करून देते, पोट किती फुगलंय यावर डोळा ठेवते. बाळाला बोलता येत नाही, तरी त्याचं पोट पुरावा मानलं जातं. पन्नाशीपुढची बाई स्वतःच्या तोंडाने सांगते तेव्हा मात्र तो तिचा स्वभाव ठरतो. (बाई घोरते हे कबूल करवून घ्यायलाच घरात इतका वेळ जातो की पोटाची गोष्ट निघेपर्यंत सगळ्यांचा धीर सुटलेला असतो, ते वेगळंच.)

घरच्यांचं उत्तर अधिक प्रेमळ असतं, पण त्यातही तथ्य कमीच. "काल रात्री वालाची उसळ खाल्लीस, होणारच!" मग जाऊबाई ओवा आणि काळं मीठ तळहातावर ठेवतात, सासूबाईंचं हिंगाष्टक निघतं, 'ह्यां'च्या कपाटातलं इनो पाण्यात फसफसतं, आणि सगळ्यात शेवटी, कुणालाही न विचारता, पॅन-४० ची गोळी. पित्त, वात, ॲसिडिटी आणि गॅस हे चारही शब्द आपल्याकडे एकाच डब्यात ठेवलेले असतात आणि डब्यातलं जे हाताला लागेल ते दिलं जातं.

वालाचा, पावट्याचा, हरभऱ्याचा गॅस होतो हे खोटं नाही. पण तो मोठ्या आतड्यात जंतूंच्या कामातून तयार होतो, जेवणानंतर काही तासांनी, आणि त्यात हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही असतो. त्याचा वास सांगायला नको. मशीनने भरलेली हवा ही खोलीतली हवा असते. तिची ढेकर कोरडी, करपट नाही. खालून सरली तरी सहसा वासाची नाही. ती उपाशीपोटी सकाळीच सर्वाधिक जाणवते आणि दुपारपर्यंत बरीचशी ओसरते. यापेक्षा सोपी परीक्षा महावितरण फुकट करून देतं. ज्या रात्री लाइट गेली आणि मशीन बंद राहिलं त्या रात्रीनंतरचं पोट पाहा. आदल्या दिवशी उसळ तीच, पोळी तीच, आणि पोट मऊ. मग दोष वालाचा कसा?

औषधांचंही असंच. इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक ॲसिड असतं, दोघांची पाण्यात गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेने फुगलेल्या जठरात आणखी वायू सोडून एक मोठी ढेकर काढायची, असा तो उपाय. क्षणभर बरं वाटतं, नाही असं नाही. पॅन-४० आम्ल कमी करतं, हवेला त्याचा पत्ताही नसतो. छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी अशी खरीच तक्रार सोबत असेल तर ते डॉक्टरांनी द्यावं, त्याने जळजळ थांबेल, पण फुगणं थांबेलच असं नाही. सिमेथिकोनच्या गोळ्या छोटे बुडबुडे फोडून मोठे करतात म्हणजे ढेकर सुलभ येते. वरून हवा भरणं चालूच असेल तर या सगळ्याचा उपयोग पंपाचं तोंड तसंच ठेवून फुगा दाबण्याइतकाच. घरच्यांचा एकच सल्ला मी शिरसावंद्य मानते, तो म्हणजे लवकर जेवण्याचा. भरल्या पोटाने आडवं झालं की आम्ल वर येतं, झोप चाळवते, घोट वाढतात. झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण उरकलेलं बरं. आणि रात्रीची दारू ही घसा आणखी सैल करून मशीनला दाब चढवायला लावते, हे दारू पिणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

आता येतो मशीन विकणारा. याचं उत्तर सगळ्यात तत्पर असतं: "प्रेशर कमी करून देतो." ऐकायला किती शास्त्रीय! हवा जास्त जाते, तर दाब कमी. पण इथेच चाळवण्याची ती गोष्ट आठवा. दाब गरजेपेक्षा कमी पडला तर घसा पुन्हा मिटू लागतो, श्वास अडतो, छाती जोर लावून आत ओढू पाहते, त्या ओढीने जठरातलं आम्लही वर खेचलं जातं, मेंदू जागा होतो, माणूस धापकन हवा घेतो आणि गिळतो. रात्रीत असं कितीतरी वेळा. म्हणजे प्रेशर कमी केल्यावर पोट फुगणं वाढूही शकतं, आणि ॲप्निया परत आला तो वेगळाच. दाब फार चढल्याने हवा जाते हे खरं, दाब अपुरा पडल्यानेही जाते हेही खरं. यातलं तुमच्या बाबतीत कोणतं, ते अंदाजाने सांगता येत नाही. ते मशीनने नोंदवून ठेवलेल्या आकड्यांतून दिसतं, आणि विकणारा ते आकडे पाहतच नाही.

मशीन घरी येतं तेव्हा काय होतं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. मुलगा खोकं टीपॉयवर उघडतो, पाण्याची टाकी दाखवतो, मास्क तोंडाला लावून "श्वास घ्या काकू" म्हणतो, दोन बटणं एकदम दाबून आतला मेन्यू उघडतो, काहीतरी फिरवतो, बंद करतो. पावतीवर सही. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू पंधरा-वीस मिनिटांत लावून होते. दाब स्वतःच वरखाली करणाऱ्या ऑटो मशीनची दाबाची मर्यादा खोक्यातून निघताना बहुधा ४ ते २० असते आणि पुष्कळ घरांत ती तशीच राहते. ४ म्हणजे मोठ्या माणसाला हवा कमी पडल्यासारखं वाटावं इतका दाब. त्यावर झोप लागते न लागते तोच घसा मिटतो, मशीनला ते उशिरा कळतं, मग ते वर चढायला लागतं, ८, ११, १४. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत, उताणं झोपलेलं असताना, ते १६-१७ ला जाऊन टेकतं. मास्क गळत असेल तर मशीनचा अंदाज आणखी चुकतो. सकाळी पोटात जी हवा असते ती या चढउतारात भरलेली असते. यावरचा उपाय पुष्कळदा खालची मर्यादा वाढवण्यात असतो! खालचा दाब गरजेच्या जवळ आणला की घसा मिटतच नाही, मग मशीनला वर धावायचं कारण उरत नाही, आणि वरची मर्यादा अशी बांधता येते की रात्रीचा जवळजवळ सगळा वेळ ज्या दाबात भागतं त्याच्या थोडंसंच वर दार बंद. हे करून पाहिल्यावर तासाला श्वास अडण्याचा आकडा पाचाच्या आत राहतो का, हे तपासायचं. हा मधला मार्ग शोधायला विकणाऱ्याकडे वेळ नसतो आणि डॉक्टरांना वाटतं की ते विकणाऱ्याचं काम.

श्वास सोडताना दाब दोन-तीन सेंटिमीटर उतरवणारी एक सोय बहुतेक मशीनमध्ये असते. तिने काहींचं पोट हलकं होतं; काहींच्या बाबतीत दाब उतरल्यावर घसा मिटायला लागतो आणि फेरा पुन्हा सुरू. लावून बघावी, काढून बघावी. आणि प्रेशरची तक्रार दोनदा केली की तिसऱ्यांदा "बायपॅप घ्या" असं सुचवलं जातं, त्याबद्दल सावध असावं. श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं ते मशीन ज्यांना फार मोठा दाब सोसत नाही त्यांच्यासाठी उपयोगी आहेच; अमेरिकेतल्या निद्रावैद्यक संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत १५ सेंटिमीटरलाही श्वास अडत राहिला किंवा तेवढा दाब सोसेना तर बायपॅपचा विचार करावा असं म्हटलं आहे. पण ९ किंवा १० वर भागणाऱ्या माणसाला, पहिल्या मशीनचं सेटिंग एकदाही न तपासता, दुप्पट किमतीचं दुसरं मशीन गळ्यात मारणं याला उपचार म्हणत नाहीत. श्वास घेतानाचा दाब मोठा ठेवला तर बायपॅपही पोट फुगवतं.

या सगळ्याला डॉक्टरांकडे एक जोरकस उत्तर आहे, आणि ते टाळून पुढे जाणं बरं नव्हे. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. हवा गिळण्याचा त्रास असलेल्यांना काही काळ ठरीव दाबाचं आणि काही काळ ऑटो मशीन देऊन पाहिलं. ऑटोवर सरासरी दाब कमी राहिला, फुगणं आणि ढेकरा कमी झाल्या. मात्र मशीन वापरण्याचे तास वाढले नाहीत. यावरून म्हणतात, "बघा, पोटाचा त्रास कमी होऊनही लोक जास्त वापरत नाहीत, म्हणजे न वापरण्याचं कारण पोट नव्हेच." हा निष्कर्ष मला लंगडा वाटतो. चाचणीत येतो तो त्रास होऊनही मशीन लावत राहिलेला माणूस. ज्याने कंटाळून ते कपाटावर ठेवून दिलं तो त्यात नसतोच. शिवाय काही आठवड्यांत तास वाढले नाहीत म्हणून पोट हलकं झाल्याची किंमत शून्य कशी? डोकेदुखीची गोळी घेऊन माणूस ऑफिसात जास्त तास बसला नाही म्हणून गोळी निरुपयोगी ठरवत नाहीत.

तासांचंच बोलायचं तर २०१६ चा 'सेव्ह' नावाचा मोठा अभ्यास समोर ठेवावा लागेल. हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेले २,७१७ लोक त्यात होते, आणि सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. त्यांचा सरासरी वापर होता रात्रीचा ३.३ तास. निष्कर्षावर वाद आहेत, पण अर्ध्या रात्रीचं मशीन अर्ध्याच रात्रीचं काम करणार हे कळायला फार वाद नको. माणूस दोन-तीनला मास्क काढून का फेकतो, हे विचारायची जबाबदारी मग कुणाची? पोट फुगून जाग येते हे त्याचं एक साधं कारण आहे, आणि ते 'सवय होईल'च्या शिक्क्याखाली दाबलं जातं.

मशीनच्या शत्रूंना मात्र माझं हे म्हणणं हत्यार म्हणून द्यायचं नाही. "बघा, आम्ही म्हणत होतो, पोट बिघडवतं ते, फेकून द्या, अनुलोमविलोम करा." ॲप्निया हे श्रीमंतांचं नवं खूळ आहे असंही यांच्यातले काही सांगतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांची २००४ साली प्रसिद्ध झालेली पाहणी त्यांनी वाचावी: ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्के लोकांचा श्वास झोपेत अडखळत होता, आणि ७.५ टक्के जणांना त्यासोबत दिवसाची पेंगही होती. प्राणायामाने मन शांत होत असेल, पण झोपेत मिटलेला घसा तो उघडणार नाही. तुम्ही झोपलेले असता, प्राणायाम करत नसता. वजन उतरवलं तर दाबाची गरज खरोखर कमी होते, ते जरूर करावं. मात्र ते उतरेपर्यंतच्या रात्रींचं काय?

मग करायचं काय, तर बरंच काही करता येतं आणि त्यातलं थोडंच खर्चिक आहे. उताणं झोपल्याने घसा जास्त मिटतो आणि ऑटो मशीन जास्त चढतं, म्हणून कुशीवर झोपावं, त्यातही डावी कूस बरी, कारण त्या बाजूला आम्ल वर येणं कमी राहतं. दुपारी जेवल्यावर वामकुक्षी घेणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवायला नको, रात्रीही तेच करायचं. उशांची चळत रचू नये, तिने मान दुमडते आणि पोटावर घडी पडते. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालून तीच बाजू पंधरा सेंटिमीटर वर घ्यावी, म्हणजे सगळं अंग एका उतारावर येतं. नाक चोंदत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं. बंद नाकावर दाब वाढवणं म्हणजे नुसती हवेची उधळपट्टी. तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मोठ्या मास्कला नाकाच्या मास्कपेक्षा साधारण जास्त दाब लागतो, तेव्हा नाक मोकळं असणाऱ्याने नाकाचाच मास्क आधी वापरून पाहावा. टाकीतल्या पाण्याची ऊब वाढवली की घसा कमी कोरडा पडतो आणि घोट कमी होतात.

एक इशारा मात्र ठणकावून देते. प्रत्येक फुगणं मशीनचं नसतं. पोट दगडासारखं कडक होऊन असह्य दुखू लागलं, उलट्या थांबेनात, गॅसही सरेना, छातीत दाब वाटला, शौचातून रक्त गेलं, तर मशीन बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं. ज्यांचं अलीकडे जठराचं, अन्ननलिकेचं किंवा लठ्ठपणाचं ऑपरेशन झालंय त्यांनी मशीन पुन्हा कधी आणि किती दाबावर लावायचं हे सर्जनला विचारल्याशिवाय ठरवू नये. फुगणं मशीन बंद ठेवूनही तसंच राहत असेल तर पोटाचा तपास वेगळा व्हायला हवा.

शेवटचा आक्षेप माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांचाच: "हे सगळं पेशंटला सांगितलं तर ते स्वतःच बटणं दाबत बसतील." बसतीलच, कारण फोन कुणी उचलत नाही. त्यांना बटणांपासून दूर ठेवायचं असेल तर मशीन घेतल्यावर पंधरा दिवसांनी आणि मग महिन्याने, कार्ड किंवा ॲपवरची नोंद उघडून त्यांच्यासमोर बसा. रात्रीचा जवळजवळ सगळा वेळ दाब कितीच्या आत होता, तासाला श्वास किती वेळा अडला, हवा किती गळली, एवढं त्यांना दाखवा, मशीनच्या विक्रेत्यालाही दाखवा. पेशंटनेही सकाळच्या पोटाची नोंद एका वहीत करावी, बेताचं की तट्ट, आणि ती सोबत न्यावी. मग सेटिंगमध्ये एका वेळी एकच बदल करावा, आठवडाभर तसाच ठेवावा, आणि वहीतल्या नोंदीशी मशीनचा आकडा ताडून पाहूनच पुढचा बदल करावा.